गिअरबॉक्सचं तेल: आधी भरायचा बोल्ट
गिअरबॉक्सचं तेल जळत नाही, मग पातळी कशाला बघायची, हा प्रश्न रास्त वाटतो. जळत नाही हे खरं. पण ते सीलमधून झिरपतं, आणि किल्लारीकडची काळी धूळ त्या ओलाव्यावर बसून लेपासारखा थर धरते. तो दिसला की पातळी बघावीच. बऱ्याच छोट्या गाड्यांत डिपस्टिक नसते. बाजूच्या, तेल भरायच्या बोल्टचं भोक हीच पातळीची खूण, म्हणून गाडी समपातळीवर हवी. एकच बाजू जॅकवर उचलली तर भोक खोटं बोलतं. तेल बदलायचं असेल तर निचऱ्याच्या बोल्टाआधी भरायचा बोल्ट सोडवून पाहावा. तोच गंजून अडकला तर रिकामी गाडी दारात उभी. तेल भोकाच्या काठाशी आलं की पुरे. थोडं जास्त बरं, असं म्हणतात. पण जादा तेल फेसाळतं आणि सीलमधूनच वाट काढतं.