साजा वृक्षाची श्रद्धा आणि गोंड-परधान मुद्राचित्रे

प्रस्तावना :
आदिवासी चित्रकलेतील वृक्षाकडे अभ्यासक्रमांत व प्रदर्शनांत बहुधा अलंकरणाचा एक नमुना म्हणून पाहिले जाते. मध्य प्रदेशातील गोंड-परधान चित्रकारांच्या मुद्राचित्रांबाबत हे आकलन अपुरे ठरते. या चित्रांतील वृक्षांमागे साजा वृक्षाविषयीची प्राचीन श्रद्धा उभी आहे. ही श्रद्धा आणि मुद्राचित्रणाची प्रक्रिया यांतील संबंध प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे.

साजा : अरण्यातील व श्रद्धेतील स्थान :
हिंदीतील 'साजा' म्हणजेच मराठीतील 'ऐन' (टर्मिनॅलिया इलिप्टिका). पानझडी अरण्यातील हा मोठा वृक्ष मगरीच्या पाठीसारख्या भेगाळलेल्या सालीमुळे सहज ओळखता येतो. त्याच्या पानांवर टसर रेशमाचे किडे पोसले जातात. पूर्व विदर्भातील टसर व्यवसायालाही ऐनाचाच आधार आहे. गोंडांचा श्रेष्ठ देव बडादेव साजात वास करतो, अशी श्रद्धा आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. 'बाना' हे तंतुवाद्य वाजवून ते बडादेवाला आवाहन करीत, यजमान गोंड कुटुंबांच्या वंशकथा गात आणि त्या बदल्यात दान स्वीकारीत. कालांतराने हा आश्रय क्षीण झाला आणि गायनाची परंपराही ओसरू लागली.

भिंतीवरून कागदावर :
या टप्प्यावर चित्रकलेने नवे वळण घेतले. दिंडोरी जिल्ह्यातील पाटनगढ येथील जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांची भित्तिचित्रे चित्रकार ज. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने भोपाळच्या भारत भवनापर्यंत पोहोचली. ही संस्था १९८२ मध्ये सुरू झाली. तेथील मुद्राचित्रण विभागात जनगढ यांनी काम केले. तोवर प्रामुख्याने गीतांतून आणि नावांतून वावरणाऱ्या देवतांना त्यांनी दृश्यरूप दिले. त्यांच्या शैलीला पुढे 'जनगढ कलम' हे नाव मिळाले.

याच परंपरेतील भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंह उर्वेती यांच्या वृक्षचित्रांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक चेन्नईच्या तारा बुक्सने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. २००८ मध्ये त्यास बोलोन्या येथील बालसाहित्य मेळ्याचा पुरस्कार लाभला. त्याची पाने काळ्या हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगने हातांनी छापली गेली.

प्रक्रिया आणि अर्थ :
स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी चौकटीवर ताणलेले स्वतंत्र जाळीदार कापड लागते. जेथे रंग नको तेथील छिद्रे बुजविली जातात; उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने शाई कागदावर उतरविली जाते. एक रंग वाळल्यावर दुसरा अचूक त्याच जागी बसवावा लागतो. सामान्यतः पांढरा कागद प्रकाशाचे काम करतो. येथे मात्र कागद हीच रात्र असते आणि शाई हा प्रकाश. दिवसा छाया व अन्न देणाऱ्या वृक्षांचे दैवी रूप रात्री प्रकटते, ही कल्पना अशा प्रकारे माध्यमातूनच साकार होते.

दुसरे साम्य अधिक मूलगामी आहे. बडादेव एखाद्या विशिष्ट मूर्तीत बंदिस्त नाही. साजा जेथे असेल तेथे त्याचे अधिष्ठान मानता येते. मुद्राचित्रातही कोणतीही एक प्रत 'मूळ' आणि बाकीच्या 'नकला' असा भेद नसतो. त्यामुळे अनेक प्रती निघाल्याने वृक्षाचे पावित्र्य उणावते, हा आक्षेप या परंपरेला सहजासहजी लागू पडत नाही.

मर्यादा व निष्कर्ष :
तथापि मुद्राचित्र हा गायनाचा पर्याय नव्हे. वृक्षाची आकृती शहरातील भिंतीवर पोहोचते. बानाचे सूर मात्र तिच्याबरोबर येत नाहीत. ज्या अरण्यात साजा उभा आहे, त्याच्याशी असलेला समाजाचा संबंध तुटल्यास चित्र केवळ नक्षी म्हणून उरेल. म्हणून अध्यापनात अशी चित्रे 'आदिवासी कला' या अनाम शीर्षकाखाली न दाखविता चित्रकाराचे नाव, वृक्षाची ओळख, त्यामागील श्रद्धा आणि छपाईचे तंत्र या चारही बाबी एकत्र मांडणे आवश्यक आहे. गोंड व परधान समाज महाराष्ट्रातही असून येथील अरण्यांत ऐन सर्वपरिचित आहे. त्यामुळे विदर्भातील महाविद्यालयांना हा अभ्यास वर्गाबाहेर, प्रत्यक्ष वृक्षाखालीही आरंभता येईल.