सॉफ्टवेअर तुमचं, पण मशीन कोणाचं? बी कंपनीकडून काय घ्यायचं

किऑस्क, बिलिंग मशीन, क्लाससाठी स्वस्त कॉम्प्युटर, असं काही करायचं तुमच्या डोक्यात असेल, तर एक प्रश्न आधी सोडवा. तुमचं सॉफ्टवेअर कोणाच्या मशीनवर चालणार? व्हिडिओत हे दोन मिनिटांत उरकावं लागलं, म्हणून इथे जरा सविस्तर.

ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये अमेरिकेत बी ही कंपनी काढली. त्यांची बीओएस ही ऑपरेटिंग सिस्टिम खास ऑडिओ-व्हिडिओच्या कामासाठी. एकाच स्क्रीनवर अनेक व्हिडिओ न अडखळता चालायचे, आणि त्या काळात हे बघून लोक थक्क व्हायचे. माल चांगला होता, यात वाद नाही. घोळ झाला तो मशीनच्या बाबतीत.

सुरुवात केली एटी अँड टीच्या हॉबिट प्रोसेसरवर. पुढे एटी अँड टीने तो प्रोसेसरच बंद केला! मग पॉवरपीसी घेतला आणि १९९५ मध्ये स्वतःचं मशीन आणलं, बीबॉक्स. दोन प्रोसेसर, पुढच्या बाजूला लुकलुकणारे दिवे, एकदम देखणं. पण दोन हजारही नग बनले नाहीत, आणि १९९७ च्या सुरुवातीला त्याचंही उत्पादन थांबलं. आता हिशोब तुम्हीच करा. बोर्डाचं डिझाइन, टेस्टिंग, सर्व्हिस, हा सगळा खर्च इतक्या कमी नगांवर टाकला तर एका मशीनवर किती बोजा येतो?

मग ठरलं, ॲपलच्याच पॉवर मॅकवर चालवू. मशीन आयतं, गिऱ्हाईकही आयतं. पण ॲपलने नव्या जी-३ मशीनची तांत्रिक माहिती दिली नाही, आणि बाहेरच्या कंपन्यांना मॅकसारखी मशीन बनवायचे परवानेही गुंडाळले. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलं की भाडेकरार कोण मोडू शकतो, हे आधी बघावं लागतं.

१९९८ मध्ये बीओएस इंटेलच्या पीसीवर आली. बाजार प्रचंड, पण दुखणं वेगळं. प्रत्येक पीसीत ग्राफिक्स कार्ड वेगळं, साउंड कार्ड वेगळं, मोडेम वेगळा, आणि प्रत्येकासाठी ड्रायव्हर लागणार. छोट्या सिस्टिमसाठी ड्रायव्हर लिहायला कार्डवाल्याला वेळ नसतो, ते काम तुमच्याच गळ्यात पडतं. त्यात पीसी कंपन्या विंडोजच्या करारांनी बांधलेल्या, असा बीचा आरोप होता. त्यावर खटला झाला आणि २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता सुमारे २.३ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. पण त्याआधीच, २००१ मध्ये, बीचं तंत्रज्ञान पामने १.१ कोटी डॉलरला घेतलं होतं.

स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्टचं बघा. त्यांनीही आधी महागडी काळी मशीन बनवली. पण १९९३ मध्ये मशीन बनवणं बंद करून सिस्टिम इंटेलवर नेली, आणि १९९६ च्या शेवटी ॲपलने बीला सोडून नेक्स्ट घेण्याचं ठरवलं, ४० कोटी डॉलरहून जास्त मोजून. नुसत्या हार्डवेअरच्या निर्णयामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. तरी कारखान्याचं ओझं वेळेवर उतरवलं, हे खरं.

मग तुम्ही काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या शंभर नगांपर्यंत स्वतःचा बोर्ड बनवू नका. बाजारात सहज मिळणारं एक मॉडेल निवडा, फार तर दोन. "सगळ्या मशीनवर चालतं" असं गिऱ्हाइकाला चुकूनही सांगू नका. "या मॉडेलवर चालतं, आम्ही तपासलंय" असं लिहून द्या. मॉडेल नंबर तोच, पण आतली वायफाय चिप बदललेली, असंही होतं. म्हणून दर नव्या लॉटमधला एक नग उघडून तपासा. आणि दुसरा पर्याय नुसता कागदावर नको, चालवून बघितलेला हवा. २०२१-२२ च्या टंचाईत रास्पबेरी पाय मिळेनासा झाला, तेव्हा फक्त त्यावरच अवलंबून असलेल्यांच्या ऑर्डरी लटकल्या.

बीओएसच्या धर्तीवर बनवलेली हायकू आजही फुकट मिळते. पेनड्राइव्हवर टाका आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर चालू करून बघा. वायफाय चालतं का, आवाज येतो का, स्लीपमधून परत उठतो का, हे वहीत लिहा. हीच यादी घेऊन उद्या पुरवठादाराकडे जायचं आहे.