विमानतळ आणि मुलूख, लेखांक ६ : कुंपणाबाहेरचे बाधित

विमानतळामुळे कुणाचे काय गेले हे मोजायची सरकारी रीत सोपी आहे. कुंपण घालायचे आणि आत काय सापडले ते लिहून काढायचे. ज्याचा सातबारा गेला तो बाधित, ज्याचे घर उठले तो विस्थापित, आणि कुंपणाबाहेर राहिला तो आपोआप लाभार्थी. विमानतळाची जागा कशी ठरते हे मागच्या लेखांकात पाहिले. आजचा प्रश्न त्याला लागूनच आहे : ठरवताना विचारायचे कुणाला? हा प्रश्न मुद्दाम शहापूर-मुरबाडकडून पाहू, कारण या दोन्ही तालुक्यांत विमानतळ नाही. नैर्ऋत्येला पनवेल-उलव्याच्या बाजूला नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले. वायव्येला, पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराजवळ महामुंबईच्या तिसऱ्या विमानतळाची घोषणा झालेली आहे. शहापूर आणि मुरबाड मधल्या डोंगरपट्टीत, दोन्हींपासून लांब. या लांबच्या माणसांना विचारल्याशिवाय विमानतळाची जनसुनावणी पुरी होत नाही, असे माझे म्हणणे आहे. आणि विचारायचे ते आताच, कारण पुढे त्यांना जे विचारले जाईल त्याचे उत्तर आधीच ठरलेले असेल.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना विमानतळाला ‘अ’ वर्गात घालते, म्हणजे मंजुरी दिल्लीहून. या अधिसूचनेत लोकांचे ऐकून घेण्याचे दोन भाग आहेत. पहिला सर्वांच्या ओळखीचा : प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ, जिल्हावार घ्यायची जनसुनावणी. राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, तीस दिवस आधी नोटीस निघते, सगळ्याचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त वाचून दाखवावे लागते. दुसऱ्या भागाची मात्र फारशी चर्चा होत नाही. पर्यावरणाच्या बाबतीत ज्यांचा संबंध पोहोचू शकतो अशा इतर सर्वांकडून लेखी म्हणणे मागवायचे, असे तीच अधिसूचना सांगते. त्याला अंतराची अट नाही, जमीन गेल्याचीही नाही. म्हणजे शहापूरच्या एखाद्या पाड्यावरच्या माणसाला पनवेलच्या किंवा पालघरच्या विमानतळाविषयी बोलायचा हक्क नव्याने द्यायला नको. तो २००६ पासून आहे. फक्त त्याला तो कुणी कळवलेला नाही.

का कळवलेला नाही, याचे उत्तर एका वर्तुळात आहे. आघात अहवालासाठी प्रकल्पाभोवतीचे साधारण दहा किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र अभ्यासायचा प्रघात आहे. हवा, पाणी, झाडे, माणसे, जे काय मोजायचे ते या वर्तुळात. धुराच्या बाबतीत हे समजू शकते. पण सरकारला स्वतःला जेव्हा विमानतळाचा विस्तार मोजायचा असतो तेव्हा वर्तुळ एकदम मोठे होते. इमारतीच्या उंचीसाठी ना-हरकत दाखला लागतो तो वीस किलोमीटरपर्यंत. आणि भूखंडांचा विषय आला की विचारूच नका. २०१३ च्या जानेवारीत राज्य सरकारने नवी मुंबई विमानतळाभोवतीची सुमारे २७० गावे ‘नैना’ म्हणून अधिसूचित करून सिडकोच्या नियोजनाखाली आणली. या नावाचा अर्थच मुळी विमानतळाचे प्रभावक्षेत्र असा आहे. धावपट्टीचा परिणाम कुंपणापाशी थांबत नाही, हे सरकारने राजपत्रात छापून कबूल केले आहे. नगररचनेसाठी प्रभाव २७० गावांवर पडतो आणि लोकांचे ऐकायची वेळ आली की तो दहा किलोमीटरांत आटतो, ही तफावत मला निरागस वाटत नाही.

आता नैनाची सीमाही शहापूर-मुरबाडपर्यंत पोहोचत नाही, हे खरे. तिथे पोहोचते ती शहराची तहान. मुंबईच्या पाण्याचा नकाशा उघडला की शहापूर तालुका त्यात ठळक दिसतो. १८९२ साली तानसा पुरे झाले. विसाव्या शतकात भातसा आले, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यातले जवळपास निम्मे पाणी आज या एका धरणातून जाते. याच तालुक्यातल्या गावपाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर जातो. रस्त्याच्या एका अंगाला पुरुषभर व्यासाची जलवाहिनी आणि दुसऱ्या अंगाला टँकरची वाट पाहत रांगेने मांडलेली पिंपे, हे चित्र इथे कुणाला नवलाचे वाटेनासे झाले आहे. मुरबाडची कथा बारवीची. औद्योगिक वसाहतींसाठी आणि शहरांसाठी बांधलेल्या त्या धरणाची उंची पुढे वाढवली गेली आणि मुरबाड तालुक्यातल्या वस्त्या उठल्या. त्यानंतर काळू. महानगरासाठी योजलेल्या या धरणाचे काम वनखात्याची परवानगी हाती नसतानाच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवले.

या प्रत्येक वेळी झाले ते असे. शहराची वाढ एका टेबलावर ठरली, त्या वाढीला लागणारे पाणी दुसऱ्या टेबलावर, आणि ज्यांच्या दारात धरण येणार त्यांना तिसऱ्या टेबलावर बोलावले गेले. तोवर ‘एवढे पाणी लागणारच आहे’ हे वाक्य सिद्ध धरलेले होते. चर्चा उरली ती मोबदल्याची. नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा आहे, अखेरचा नऊ कोटींचा. प्रवासी स्वतः किती पाणी पितो हा मुद्दा गौण आहे. विमानतळाभोवती उठणारी हॉटेले, गोदामे, वसाहती आणि तिथे राहायला येणारी लाखो माणसे किती पितील हा खरा हिशोब. उद्या त्यासाठी सह्याद्रीच्या कुशीत एखादे धरण लागले तर त्याची वेगळी जनसुनावणी होईल, नाही असे नाही. पण त्या सुनावणीत मुरबाडच्या शेतकऱ्याला ‘नऊ कोटी प्रवासी कशाला’ असे विचारता येणार नाही. तो प्रश्न पनवेलमध्ये मिटलेला असेल. मागणी जिथे जन्मते तिथेच पुरवठा करणाऱ्याला बोलू द्यायला हवे, ते एवढ्यासाठी.

बोलावणे धाडले तरी ते पोहोचते का, हाही विचार करायला हवा. वाढवण बंदराची जनसुनावणी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघरला झाली. जानेवारी हा या सगळ्या पट्ट्यात वीटभट्ट्यांचा ऐन हंगाम. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबे उचल घेऊन, पोराबाळांसकट, भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीत मागे उरतात म्हातारी माणसे आणि कुलूपबंद झोपड्या. पावसाळ्यात सुनावणी ठेवली तर भाताची आवणी चालू. चिखलातून पाय काढून तालुक्याला जायला कुणाला सवड? नोटीस छापायची ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात. ज्या पाड्यावर पेपर येत नाही तिथे ती छापली काय आणि न छापली काय. त्यातून कातकऱ्याचे घर बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर, सातबाऱ्यावर त्याचे नाव नाही, म्हणजे बाधितांच्या यादीत तो कुंपणाच्या आतही सापडत नाही. भाषेची तऱ्हा आणखी वेगळी. २०२० च्या मार्चमध्ये केंद्राने याच अधिसूचनेचा नवा मसुदा काढला, त्यात नोटिशीचे तीस दिवस वीसवर आणायचे घाटत होते. देशभरच्या लोकांच्या हरकती मागवणारा हा मसुदा आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या भाषांत द्या, असे दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले. आणि जिल्ह्याची हद्द तर सगळ्यांवर कडी. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी वाडा-जव्हार आणि शहापूर एकाच जिल्ह्यात होते. सुनावणी जिल्हावार. म्हणजे पालघरमधल्या विमानतळाची सुनावणी पालघरात आणि शहापूर परजिल्हा, मग तानसाचे जंगल दोन्हीकडे सलग का असेना.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : एवढ्यांना विचारत बसलो तर विमान उडायचे कधी? कॅलेंडर काढून बघू. अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सगळी प्रक्रिया ४५ दिवसांत उरकायची असते. नवी मुंबई विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली २००७ मध्ये, पर्यावरण मंजुरी २०१० मध्ये, पायाभरणी २०१८ मध्ये आणि उद्घाटन २०२५ मध्ये. या अठरा वर्षांत निविदा, पुनर्वसन, विकासकाची अदलाबदल असे बरेच काही झाले. त्यात पंचेचाळीस दिवस शोधायला भिंग लागेल. उलट न विचारल्याने किती वेळ जातो याचा दाखला मुरबाडच्या शेजारी, अंबरनाथ तालुक्यात नेवाळीला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या सोळाशे एकरांहून अधिक जमिनी घेतल्या. युद्ध संपले, इंग्रज गेले, जमिनीचा वाद राहिला. २२ जून २०१७ रोजी, म्हणजे सत्तरहून अधिक वर्षांनी, त्याच जमिनीवरून आंदोलन पेटले आणि पोलिसांच्या गाड्या जळाल्या. जपानमधल्या नारिताचे उदाहरण तर जगभर दिले जाते. ४ जुलै १९६६ रोजी मंत्रिमंडळाने सान्रिझुकाची जागा परस्पर ठरवली. शेतकऱ्यांनी विद्यार्थी संघटनांच्या साथीने जो लढा दिला त्यात माणसे मेली, मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून मोडतोड केली आणि उद्घाटन पुढे ढकलावे लागले. दुसरी धावपट्टी २००२ साली सुरू झाली, तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण मध्ये काही शेतकऱ्यांची जमीन होती. १९९१ पासून तिथल्या सरकारने शेतकऱ्यांसमोर बसून परिसंवाद घेतले, सक्तीने जमीन घेणार नाही असे सांगितले आणि माफी मागितली. पंचवीस वर्षांनी झालेली ती जनसुनावणीच म्हणायची.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे आणि तो गावातूनच येतो. सुनावणी हा फार्स असतो. मांडव घालतात, पुढच्या रांगेत पुढारी बसतात, कडेला पोलिसांचा कठडा, पडद्यावर इंग्रजी तक्ते, माईक ज्याच्या हाती त्याचे गाव. आणि शेवटी मंजुरी मिळतेच. यातले बरेचसे खरे आहे. म्हणूनच माझा भर माईकपेक्षा कागदावर आहे. गोव्यात पेडण्याच्या पठारावर मोपा विमानतळाची जनसुनावणी २०१५ च्या फेब्रुवारीत झाली आणि त्याच वर्षी मंजुरीही मिळाली. लोकांना वाटले, संपले. पण २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली. अर्जात परिसरातल्या जंगलांची माहिती नीट दिलेली नव्हती, आणि तज्ज्ञ समितीने जे तपासायचे ते तपासले नव्हते. पुढे जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून न्यायालयाने वाट मोकळी केली आणि २०२३ च्या जानेवारीपासून तिथे विमाने उतरू लागली. विमानतळ झालाच ना, असे कुणी म्हणेल. झाला, पण अटी वाढल्या, आणि त्यांच्या पालनावर देखरेख आली. न्यायालयात आरडाओरडा पुरावा म्हणून चालत नाही. दाखल झालेली, तारखेची, पोच घेतलेली हरकत चालते.

तिसरा आक्षेप तरुणांचा. आम्हाला विमानतळ हवाय, नोकऱ्या हव्यात, तुम्ही विरोध कसला शिकवता? सल्लामसलत म्हणजे विरोध, हे समीकरण कुणी घातले कोण जाणे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि शहापूरची जमीन एका रात्रीत गोदामवाल्यांच्या आणि दलालांच्या नजरेत भरली. ज्याला त्या गाडीत बसायचे आहे त्यानेही आपले तिकीट लिहून मागावे. बारवीच्या उंचीवाढीत घरटी नोकरीची मागणी गावांनी वर्षानुवर्षे लावून धरली म्हणून ती मान्य झाली. कुणी होऊन दिली नाही. स्थानिकांना प्राधान्य देऊ, हे भाषणातले वाक्य आहे. कोणत्या कामात, किती, कोणत्या प्रशिक्षणानंतर, कोणत्या तालुक्यांतले, हे मंजुरीच्या अटींत आले तरच त्याचा पाठपुरावा करता येतो. स्थानिक म्हणजे फक्त पनवेल की पाणी देणारा मुरबाडही, हे तेव्हाच ठरते.

शहापूर तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचा काही भागही. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे पाड्यालाही स्वतःचे गाव म्हणून ग्रामसभा मिळवता येते. विमानतळाच्या पुढच्या टप्प्याचा किंवा तिसऱ्या विमानतळाचा मसुदा अहवाल जेव्हा निघेल, तेव्हा तो जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला ठेवावा लागेल आणि त्याचा मराठी सारांश द्यावा लागेल. त्यात शोधायच्या ओळी फार नाहीत : पाणी कुठून, किती, कोणत्या साली, दगड-मुरूम कुठल्या खाणीतून, वीजवाहिनी आणि रस्ता कुणाच्या शेतातून. पाण्यापुढे ‘संबंधित प्राधिकरणाकडून पुरवठा’ एवढेच लिहिलेले आढळले, तर ते प्राधिकरण कोणत्या धरणातून देणार, हा प्रश्न ठरावात घालून तो प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडता येतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आवणी उरकलेली असते, भट्टीवरची माणसे घरी असतात. ठराव लिहायचा तर तो दिवस बरा.

पुढच्या लेखांकात : उंचीचा दाखला आणि वीस किलोमीटरांतली घरे.