पिशवीतले कागद

कपाटाच्या वरच्या कप्प्यात साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी. आत विम्याचे बाँड, जुनी पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, रबरबँड लावलेली लाइट बिलं. "एकदा हे सगळं नीट लावायचंय," असं दर दिवाळीच्या साफसफाईत घरातलं कुणीतरी म्हणतं आणि पिशवी झटकून पुन्हा वर ठेवली जाते.

काम लांबतं त्याला कंटाळा कारण आहेच. पण काही गोष्टी होऊन गेल्यात, आता त्यांकडे बघायला नको, हा समज कंटाळ्यापेक्षा महागात पडतो. त्यातला सगळ्यांत मोठा समज नॉमिनीचा.

नॉमिनी लावला की पैसा त्याचा, असं शिकल्यासवरल्या माणसांनाही वाटतं. बँकेच्या ठेवीत नॉमिनीचं काम पैसे स्वीकारण्याचं. त्याला रक्कम देऊन बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते; त्या रकमेवर हक्क कुणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1983 मध्येच हे स्पष्ट केलं होतं, आणि शेअर्सच्या बाबतीत डिसेंबर 2023 मध्ये. विम्यात मात्र 2015 च्या दुरुस्तीने एक अपवाद आला. नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं असतील, तर विम्याची रक्कम त्यांच्याच हक्काची धरली जाते. म्हणजे एकाच पिशवीतल्या दोन कागदांना दोन वेगळे नियम लागू होतात. थोरल्या मुलाचं नाव सगळीकडे लावलं की भावंडांत वाद होणार नाही, असं धरून चालणाऱ्या घरांत वादाची सुरुवात नेमकी इथेच होते.

फ्लॅटचंही तसंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यानुसार सभासद गेल्यावर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. वारस किंवा खरे हक्कदार सभासद होईपर्यंतची ती सोय आहे. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला नाव चढलं म्हणजे घर नावावर झालं, असं नाही.

मग नॉमिनेशनचा उपयोग काय? भरपूर. ते नसेल तर दुःखात बुडालेल्या घराला एकेका खात्यासाठी कागद गोळा करत फिरावं लागतं. ते असेल तर मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं पुरतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे अशा दाव्यात बँकेने वारसा दाखला मागायचा नाही, आणि कागद पूर्ण मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम द्यायची. हे ठाऊक असलं की काउंटरवर शांतपणे बोलता येतं.

प्रॉव्हिडंट फंडाची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पहिली नोकरी लागली तेव्हा, लग्नाआधी, फॉर्मवर भावाचं नाव घातलेलं असतं. लग्न झालं की योजनेच्या नियमाने ते नॉमिनेशन बाद ठरतं. नवं करावं लागतं. आता ते घरबसल्या ऑनलाइन होतं, पण करणाऱ्याने आठवणीने करायला हवं.

मृत्युपत्राबद्दल तर समजांची रांगच आहे. त्याला स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. केली तर चांगलं, एवढंच. साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं चालतं, फक्त करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीला शक्यतो असा माणूस घ्यावा, ज्याला त्यातून काही मिळणार नाही. जिवंत असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येतं. ते म्हातारपणीच करायचं, हाही समजच. लहान मुलं असलेल्या चाळिशीतल्या जोडप्याला त्याची गरज आजोबांपेक्षा जास्त.

दुसरी खोली भाड्याने दिलेली असेल तर पिशवीत अकरा महिन्यांचा करारही असतो, बहुधा नोटरीचा शिक्का मारलेला. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हे महाराष्ट्रात चालत नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, नोंदणी करावीच लागते आणि ती जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात. शिवाय शिक्षा आहेच: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पिशवीच्या तळाशी आजीचं जुनं पासबुक सापडतं. "दहा वर्षं झाली, बुडाले आता," म्हणून ते रद्दीत टाकू नये. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत भरते, पण हक्क संपत नाही. वारस नंतरही ती मागू शकतात. अशा ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेने 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल सुरू केलं. तिथे नाव टाकून बरीच खाती शोधता येतात.

सुरुवात करायला एक रविवार पुरतो. चहा घेऊन पिशवी जमिनीवर रिकामी करायची आणि एका वहीत खातं, क्रमांक, नॉमिनी असे तीन रकाने आखायचे. तिसरा रकाना जिथे कोरा राहील, ती सोमवारची कामं. बँकेत ठेवीच्या नॉमिनेशनसाठी डीए-1 हा फॉर्म मागायचा. लॉकरचा फॉर्म वेगळा असतो, तो त्याच फेरीत मागून घ्यायचा. वही भरली की ती कुठे ठेवली आहे, ते घरातल्या निदान दोघांना सांगून ठेवायचं.