अवकल कारक आणि संगणकाचे बीजगणित

महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ‘एम-थ्री’ या नावाने ज्याचा धसका असतो त्या विषयात, अवकलनाच्या क्रियेस ‘डी’ हे अक्षर देऊन त्याचा गुणाकार, इतकेच नव्हे तर भागाकारही, साध्या संख्येसारखा करावयास शिकवितात. आणि समीकरणातील सहगुणक अचल असेतोवर ही रीत बिनचूक चालते. पुढे सहगुणकांत क्षचे घात असलेले कोशीचे समीकरण येते, आणि ‘क्ष-वर्ग गुणिले डी-वर्ग’ याच्या जागी θ(θ−१) लिहावे असा दंडक सांगितला जातो. तो वजा एक कोठून आला, या प्रश्नात या विषयाचे सारे मर्म साठलेले आहे.

डी हा आकडा नव्हे, हुकूम आहे; गणिताच्या भाषेत कारक. आधी क्षने गुणून मग अवकलन करणे आणि आधी अवकलन करून मग क्षने गुणणे यांत एकाचा फरक पडतो: डी·क्ष = क्ष·डी + १. म्हणून θ = क्ष·डी घेऊन θ·θ उलगडला, की मधला डी पुढच्या क्षवरून सरकताना एक जास्तीचा क्ष·डी मागे ठेवतो, आणि θ-वर्गातून तो वजा करावा लागतो.

लिंकनमध्ये शाळा चालविणाऱ्या जॉर्ज बूलने १८४४ साली अशा कारकांच्या बीजगणितावर निबंध लिहून रॉयल सोसायटीचे सुवर्णपदक मिळविले. परंतु पुढे संगणकाच्या कामी जो पाया आला तो ऑयस्टीन ओरे या नॉर्वेजियन गणितज्ञाने १९३३ साली घातला. गुणाकाराचा क्रम पाळणाऱ्या, डीच्या या बहुपदींतही बाकी ठेवून भागाकार करता येतो, असे त्याने दाखविले. आणि भागाकार आला की शाळेतले मसावि व लसावि ओघानेच आले. येथे त्यांना केवढा अर्थ चढतो! दोन कारकांचा उजवा (म्हणजे उजवीकडून दोहोंस भागणारा) मसावि त्यांच्या समीकरणांच्या सामाईक उकली सांगतो, तर लसावि दोहोंच्या उकलींची बेरीज शून्य करणारा कारक देतो. डोरोन झाइलबर्गरने १९९० साली विशेष फलनांची नित्यसमीकरणे यंत्राकरवी सिद्ध करण्याची जी योजना मांडली, तिचा बराचसा जमाखर्च याच हिशेबावर उभा आहे.

अवयव पाडण्याचे प्रकरण मात्र निराळे. (डी + १/क्ष)(डी − १/क्ष) हा गुणाकार कागदावर करून पाहावा: मधली पदे परस्परांस छेदतात आणि हाती निव्वळ डी-वर्ग उरतो. क्षच्या जागी क्ष अधिक कोणताही अचल घातला तरी तेच; म्हणजे डी-वर्गाचे अवयव अगणित रीतींनी पडतात. अवयवांची संख्या व कोटी तेवढी कायम राहते. मार्क फान हूई यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली अवयवपद्धती मेपल या संगणकीय बीजगणिताच्या प्रणालीत उपलब्ध आहे. ती वापरणाऱ्याने आपल्या पडद्यावरील अवयव हे पुष्कळांपैकी एक आहेत, हे ध्यानी ठेवावे.

क्रमाची सावधगिरीही वापरणाऱ्यानेच बाळगावयाची असते. मेपलमधील नेहमीचे तारांकित चिन्ह क्ष आणि डी यांची खुशाल अदलाबदल करते, म्हणून डीईटूल्स या संचात कारकांच्या गुणाकारासाठी ‘मल्ट’ हा वेगळा आदेश ठेवला आहे; सेज या दुसऱ्या प्रणालीतील ओरे-बीजगणिताच्या संचात मात्र कोणता कारक कोणत्या चलावर चालतो याची नोंद आरंभीच केली, की पुढे साधे गुणाकारचिन्हही क्रम पाळते. मला ही दुसरी तजवीज अधिक सुरक्षित वाटते, कारण तीत नियम एकदाच सांगावा लागतो.

एम-थ्री शिकविणाऱ्या अध्यापकांस एवढीच विनंती, की θ(θ−१) हे सूत्र पाठ करावयास देण्यापूर्वी ते फळ्यावर उलगडून दाखवावे. त्यास तीन ओळी पुरतात.