निळसर पान दिसलं म्हणजे कोरफड नव्हे



परवा एका सभासदाने बांधावरच्या झाडाचा फोटो पाठवला. "साहेब, ही निळी कोरफड आहे का? मंडळींचा हात भाजलाय, गर लावू का?" फोटोत घायपात होतं! विचारलं ते बरं झालं. घायपाताच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. चांगल्या कातडीलाही खाज, आग, कधी फोड येतात. भाजलेल्यावर तर बोलायलाच नको.

ओळखायचं कसं? पान आडवं कापा, पण हातमोजे घालून. कोरफडीत पारदर्शक, बुळबुळीत गर असतो आणि सालीजवळून पिवळा कडू चीक येतो. घायपातात वाखाचे चिवट दोरे निघतात (जुनी माणसं याचेच दोर वळायची) आणि पानाच्या टोकाला दाभणासारखा कडक काटा असतो.

कुंपणाचा शेर किंवा साबर मोडली की दुधासारखा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर लगेच स्वच्छ पाण्याने 15-20 मिनिटं डोळा धुवा आणि दवाखाना गाठा. फड्या निवडुंग किंवा ड्रॅगन फ्रूट कापलं तर असा चीक येत नाही.

आता निळेपणाचं. घायपाताचं पान निळसर दिसतं ते मेणाच्या थरामुळे. अंगठ्याने घासून बघा, खाली हिरवंच आहे. कोबीच्या पानावर, कांद्याच्या पातीवर हाच थर असतो. काहीजण त्याला भुरी समजून गंधक मारतात, पैसे वाया. भुरी ठिपक्या-ठिपक्यांनी सुरू होते, मेण सगळ्या पानावर सारखं असतं. आणि या मेणावरून फवारणीचं पाणी घरंगळून जातं, म्हणून कोबी-कांद्याला औषधासोबत स्टिकर घ्याच. प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेवढंच.

मोबाईलवर गर्द निळ्या रसाळ रोपांच्या जाहिराती येतात. शाईसारखी निळी दिसणारी रोपं बहुधा रंग मारलेली असतात. मधून नवं पान हिरवं फुटलं की समजायचं. पैसे घालवू नका.

खरा निळा बघायचाय तर गोकर्णाचं फूल बघा. गरम पाण्यात टाका, पाणी निळं होतं. लिंबू पिळलं की जांभळं. पोरांना दाखवा, मजा वाटेल.

झाड ओळखायला फोटो पाठवताना अख्खं झाड, पानाचं टोक आणि कापलेलं पान असे तीन फोटो पाठवा. एका लांबच्या फोटोवरून मला नक्की सांगता येत नाही.