स्वयंपाकघरातली सेवा आणि व्यासपीठावरची सेवा



आज आपला विषय आहे स्त्रियांचा विश्वास आणि त्यांची सेवा. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद, कुठल्याही मराठी मंडळीत जा आणि एखाद्या बहिणीला विचारा, "ताई, तुम्ही कोणती सेवा करता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "मी कुठली सेवा करणार? घर बघते, संडे स्कूलच्या मुलांना थोडं शिकवते, कुणी आजारी असलं तर डबा नेऊन देते." हे उत्तर मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे की त्यातल्या 'कुठली' या शब्दाबद्दलच आज बोलायचं ठरवलं.

आपल्या मनात सेवेची एक शिडी असते. सर्वांत वर उपदेश, मग उपासना चालवणं, मग गायन, मग हिशेब. आणि अगदी खाली चहा, सतरंज्या, भांडी. ही शिडी पवित्र शास्त्रातून आली आहे का? एका शब्दाच्या आधाराने पाहू.

एकच शब्द

नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात सेवेसाठी 'दियाकोनिया' हा शब्द येतो. पेत्राच्या सासूचा ताप उतरला आणि ती उठून पाहुण्यांची सेवा करू लागली (मार्क १:३१), तिथे याच धातूचं क्रियापद आहे. मग्दालीया मरीया, योहान्ना, सूसान्ना आणि इतर स्त्रिया येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि स्वतःच्या पैशातून खर्च भागवत होत्या (लूक ८:१-३), तिथेही तेच. मार्थेची पाहुणचाराची धावपळ (लूक १०:४०), तिथेही तेच. आणि मार्क १०:४५ मध्ये येशू स्वतःच्या येण्याचं कारण सांगतो, की तो सेवा करून घ्यायला नाही तर सेवा करायला आला. तिथेही तोच शब्द.

कुणी म्हणेल, "पण प्रेषितांनीच म्हटलं ना, की आम्ही वचन सोडून पंक्तीला वाढत बसणं बरं नाही?" प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय नीट वाचा. विधवांना रोज अन्न वाटणं आणि वचनाची सेवा, या दोन्हींसाठी लूकने 'दियाकोनिया' हाच शब्द वापरला आहे. प्रेषितांनी कामं वाटून घेतली, एवढंच. वाढण्याच्या कामासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण असे सात पुरुष निवडले गेले, प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले गेले. त्यांच्यातला एक स्तेफन. म्हणजे वाढपाचं काम इतकं मोठं मानलं गेलं, आणि ते पुरुषांना दिलं गेलं!

आता रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय. करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीतल्या फीबीची ओळख पौल करून देतो, तेव्हा याच धातूपासून झालेला 'दियाकोनोस' हा शब्द वापरतो. हाच शब्द तो इतर ठिकाणी स्वतःसाठीही वापरतो. ते मोठं पत्र रोमला नेऊन पोहोचवलं ते फीबीनेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

म्हणजे चूल, पैसा, प्रवास, वचन, सगळ्यांसाठी शब्द एकच. शिडी आपण तयार केली आहे.

मार्थेला काय सांगितलं?

मार्थेच्या गोष्टीवरून आपल्याकडे बायकांना दोन्ही बाजूंनी टोमणे मिळतात. काम केलं तर "मार्था झालीस", बसून ऐकलं तर "मग वाढणार कोण?" पण येशूने मार्थेच्या कामाला नावं ठेवलेली नाहीत, तिच्या चिंतेबद्दल आणि दगदगीबद्दल तो बोलला. आणि मरीया त्याच्या पायाशी बसली होती, ही शिष्याची जागा आहे. पौलही गमलियेलाच्या पायाशी शिकल्याचं सांगतो. येशूने ती जागा मरीयेकडून काढून घेऊ दिली नाही. म्हणून जी बहीण स्वयंपाक करते, तिला वचन शिकायचा हक्क आहे, आणि त्यासाठी वेळ मिळवून देणं ही मंडळीची जबाबदारी आहे.

यापो गावच्या टबीथेकडे पाहा. तिचं दुसरं नाव दुर्कस. संपूर्ण नव्या करारात 'शिष्या' हा स्त्रीलिंगी शब्द एकदाच आला आहे, आणि तो तिच्यासाठी (प्रे. कृत्ये ९:३६). तिने उपदेश केल्याची नोंद नाही. ती मेली तेव्हा विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं पेत्राला दाखवू लागल्या. त्या कपड्यांवरून तिचा विश्वास गावाला कळला होता.

आपल्या मातीतल्या बहिणी

आपल्या देशात जिथे पुरुष प्रचारकाला उंबरठ्याच्या आत जाता येत नव्हतं, तिथे 'बायबल वुमन' गेल्या. त्यांच्यात पुष्कळ विधवा होत्या. त्या घरोघरी बसत, बायकांना अक्षरं शिकवत, आजाऱ्यांची विचारपूस करत, वचन वाचून दाखवत. तुमच्या पणजीला वाचायला कुणी शिकवलं, हे घरात विचारून पाहा. कदाचित अशाच एखाद्या बाईचं नाव निघेल.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो उपाशी मुली आणि स्त्रियांना आसरा दिला. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. तिथे धान्य दळलं जाई, शेती होई, कापड विणलं जाई. आणि त्याच आवारात रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. मिशनच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवत होत्या. पूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून झालं. तिथे दळण आणि भाषांतर एकाच आवारात चालत होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण विश्वासाबद्दल आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं त्या नवऱ्याच्या मागे ओढल्या गेल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, हे आधी त्यांना स्वतःला पटलं, मग पुढचं पाऊल पडलं. स्त्रीचा विश्वास हा तिचा स्वतःचा असतो, तो घराच्या नावावर जमा होत नाही. 'स्मृतिचित्रे' जरूर वाचा.

आणि आजचं उदाहरण: २०१३ साली आंध्र प्रदेशातल्या नंद्यालला ई. पुष्पललिता या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या पहिल्या महिला बिशप झाल्या.

जे सेवा नाही

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरात मार खाणाऱ्या बहिणीला "सहन कर, हीच तुझी सेवा, हाच तुझा वधस्तंभ" असं सांगितलं जातं. कधीकधी प्रार्थनासभेत सांगितलं जातं. ही शिकवण प्रभूची नाही. त्याने आपला प्राण स्वतःहून दिला, कुणी हिसकावून घेतला नाही, असं योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्वतः म्हणतो. भीतीने करून घेतलेल्या कामाला सेवा म्हणू नका. अशा बहिणीला आधी सुरक्षित जागा द्या. १८१ या महिला हेल्पलाइनचा क्रमांक तिच्या हाती द्या, आणि कायद्याची मदत घ्यायला तिच्याबरोबर जा. तिच्यासोबत जाणं ही तुमची सेवा आहे.

मंडळीत काय करता येईल?

चहा आणि जेवणाच्या कामाची पाळी लावा, आणि त्या पाळीत पुरुषांची नावं घाला. हे काम सात पुरुषांवर हात ठेवून दिलेलं आहे, हे विसरू नका. वार्षिक अहवालात 'भगिनींनी सहकार्य केलं' एवढ्यावर भागवू नका. कुणी काय केलं ते नावानिशी लिहा, कारण पौलानेही सोळाव्या अध्यायात नावानिशी लिहिलं. पैसा कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या समितीत बहिणींना जागा द्या. लूकच्या आठव्या अध्यायात खर्च त्याच करत होत्या. आणि महिला सभेच्या दिवशी घरची मुलं पुरुषांनी सांभाळावीत, म्हणजे बहिणींना घड्याळाकडे न पाहता वचन शिकता येईल.

बहिणींनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं तर "मी कुठली सेवा करणार" असं म्हणू नका. "मी आजाऱ्यांना डबा पोहोचवते, मुलांना वचन शिकवते" असं सरळ सांगा. आणि शिकवायची, प्रार्थना चालवायची, समितीत बसायची इच्छा असेल, तर तेही सांगा.

या आठवड्यात घरी सगळ्यांनी मिळून रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय वाचा. त्यात स्त्रियांची नावं किती आहेत ती मुलांना मोजायला सांगा. मग आपल्या मंडळीतल्या अशाच बहिणींची नावं घेऊन प्रार्थना करा.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो. जय ख्रिस्त.